झेंड्याच्या कापडाची पिशवी

उदगीरहून कोणत्याही दिशेला निघालो तरी समुद्र चारशे किलोमीटरहून लांबच. तरीही तिथल्या शिक्षकांच्या शिबिरात आम्ही एका समुद्रप्रवासाची गोष्ट सांगितली, कारण तिच्यातले साधन कोणत्याही शाळेत तयार होऊ शकते.

डिसेंबर १८३१. 'बीगल' हे जेमतेम २७ मीटर लांबीचे शिडाचे जहाज वादळामुळे दोनदा माघारी फिरले आणि अखेर २७ तारखेला इंग्लंडातील प्लिमथ बंदरातून निघाले. त्यावर २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. पाठ्यपुस्तकातला दाढीवाला म्हातारा विसरा. हा तरुण सपाटून बोट लागल्याने आडवा झालेला होता. बिस्किटे आणि मनुका यांखेरीज पोटात काही ठरत नव्हते. आशा एकच, टेनेरीफ बेटाची. हम्बोल्टने केलेले वर्णन वाचून त्याने तिथे जाण्याचे बेत पूर्वीच केले होते, त्यासाठी स्पॅनिशही शिकायला घेतली होती. ६ जानेवारी १८३२ रोजी ते बेट समोर आले. पण इंग्लंडात कॉलऱ्याची साथ होती. बारा दिवस कोणीही किनाऱ्यावर उतरायचे नाही, असा हुकूम झाला. कप्तान फिट्झरॉय थांबायला तयार नव्हता. जहाज पुढे निघाले.

चारच दिवसांनी, १० जानेवारीला, डार्विनने झेंड्याच्या कापडाच्या चार फूट खोल पिशवीच्या तोंडाला अर्धगोल कमान लावली आणि ती दोरीने जहाजामागे सोडली. अशी जाळी वापरणारा तो पहिला नव्हे. जॉन व्हॉन टॉमसन या लष्करी डॉक्टरने आयर्लंडमध्ये ती आधीच वापरली होती. पण रिकाम्या दिसणाऱ्या त्या पाण्यातून इतके जीव वर आले, की दुसरा सबंध दिवस ते तपासण्यातच गेला. 'प्लँक्टन' हे नावसुद्धा तेव्हा नव्हते. ते हेन्सेनने १८८७ साली दिले. इतक्या क्षुद्र जीवांत एवढे रंग, एवढे नाजूक आकार, आणि तेही वरवर पाहता विनाकारण! हे नवल डार्विनने रोजनिशीत लिहून ठेवले. बोट लागणे मात्र १८३६ मध्ये परत येईपर्यंत सुटले नाही.

उदगीरला आम्ही जुन्या धोतराचे फडके, तारेचे कडे आणि टोकाला एक बाटली एवढ्यावर भागवले. तलावाच्या काठाकाठाने जाळी ओढली आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. झटके देत पळणारा, एका डोळ्याचा सायक्लॉप्स दिसला. नारूच्या जंताची पिल्ले पाण्यातून माणसाच्या पोटात नेणारा तो हाच. (नारूचा भारतातला शेवटचा रोगी १९९६ सालचा, २००० साली देश नारूमुक्त ठरला.)

एक वयस्कर गुरुजी म्हणाले, "अहो, पाणी फडक्यानं गाळून प्या म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरलो. फडक्यावर काय राहतं ते कधी बघितलंच नाही."

जेवणाची घंटा झाली. गुरुजींनी दुसरा थेंब घेतला.