एचटी-२ आणि डॉ. विष्णू माधव घाटगे : परवान्याच्या विमानापासून स्वतःच्या आराखड्यापर्यंत

या पाठाविषयी

भारतात आराखडा तयार होऊन कारखान्यात मालिकेने बांधले गेलेले पहिले इंजिनाचे विमान म्हणजे एचटी-२. दोन आसनांचे, साधे, प्रशिक्षणाचे विमान. एवढ्या लहान विमानाला इतिहासात एवढे महत्त्व का, हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर इतिहासाबरोबरच वायुगतिकीतही आहे. म्हणून या पाठात दोन्ही गोष्टी एकत्र पाहू. आकडेमोडीसाठी पहिल्या वर्षाचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

१. आधी कारखाना, मग आराखडा

सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. यंत्रसामग्री आणि सुरुवातीचे जाणकार अमेरिकेतून आले. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले, पाठोपाठ कर्टिस हॉक लढाऊ विमान आले. युद्धाच्या उत्तरार्धात कारखान्याचे मुख्य काम दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती हे होते. युद्ध संपल्यावर पर्सिव्हल प्रेंटिस या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाची बांधणी परवान्याने सुरू झाली. काम कमी पडू नये म्हणून रेल्वेचे डबेही तयार झाले.

या काळात इथल्या कामगारांचे हात तयार झाले. पत्रा कापणे, रिव्हेट मारणे, जोडणी, तपासणी हे सारे ते शिकले. आराखडा मात्र परदेशातून येत होता. आराखड्यावर पंखाची लांबी लिहिलेली असते. ती तेवढीच का, हे लिहिलेले नसते.

२. घाटगे : कोल्हापूर ते गॉटिंगेन

ते 'का' शिकून आलेला माणूस म्हणजे विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची कल्पना मांडली. वाहत्या हवेचा पृष्ठभागालगतचा पातळ थरच घर्षणाचा आणि स्टॉलचा हिशेब ठरवतो, असे त्यांनी दाखवले. पुढे मर्यादित लांबीच्या पंखाला उचलीची किंमत ड्रॅगच्या रूपात किती मोजावी लागते, याचे गणितही त्यांनी दिले. आजही आपण तेच शिकवतो.

भारतात परतल्यावर घाटगे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची घडी बसवणाऱ्यांत ते होते. नंतर ते पुन्हा कारखान्यात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ चे काम सुरू झाले.

३. विमान आणि त्यामागचे निर्णय

ऑगस्ट १९५१ मध्ये पहिला नमुना उडाला. वैमानिक होते जमशेद मुन्शी. उत्पादनातल्या विमानाची वैशिष्ट्ये अशी :

- संपूर्ण धातूचे, खालच्या बाजूस पंख असलेले एकपंखी विमान, एकामागे एक दोन आसने
- पंखांची टोक ते टोक लांबी १०.७२ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर
- भरलेले वजन १,०१६ किलो
- सिरस मेजर इंजिन, १५५ अश्वशक्ती
- कमाल वेग ताशी सुमारे २०९ किमी

पंखाच्या लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ हे गुणोत्तर इथे सुमारे ७.२ येते. प्रांटल यांच्या सिद्धांतानुसार हे गुणोत्तर वाढवले की उचलीमुळे येणारा ड्रॅग कमी होतो आणि थोड्या शक्तीतही विमान चांगले चढते. पण पंख लांब केला की त्याच्या मुळाशी वाकवणारा आघूर्ण वाढतो, म्हणून तिथे जास्त धातू लागतो. शिवाय विमान कुशीवर वळायला मंद होते. विद्यार्थ्याला कसरती शिकवायच्या असतील तर हे परवडत नाही. ७.२ हा या ओढाताणीतून काढलेला मध्यम मार्ग आहे. अशा प्रत्येक आकड्याचा जमाखर्च इथे, आपल्या टेबलावर मांडला गेला, हेच एचटी-२ चे वेगळेपण.

४. उदाहरण : मे महिन्यातली दिल्ली

मी दिल्लीत आर. के. पुरममध्ये राहतो. पालमच्या विमानांचा आवाज इथे दिवसभराचा सोबती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वर्गात हे उदाहरण हमखास घेतो.

पंखाची उचल = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × उचल गुणांक. कमाल उचल गुणांक १.४ आहे असे समजू. वजन सुमारे ९,९७० न्यूटन.

समुद्रसपाटीची प्रमाण हवा, घनता १.२२५ :
वेगाचा वर्ग = २ × ९,९७० ÷ (१.२२५ × १६ × १.४) = सुमारे ७२७. म्हणून स्टॉलचा वेग सेकंदाला २७ मीटर, म्हणजे ताशी ९७ किमी.

दिल्ली, ४५ अंश, घनता सुमारे १.०८ :
वेगाचा वर्ग = सुमारे ८२४. वेग सेकंदाला २८.७ मीटर, म्हणजे ताशी १०३ किमी.

फरक अवघा ६ किमीचा वाटतो. पण धावपट्टीवरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे इथेच १३ टक्के वाढ झाली. त्यातच विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. दोन्ही मिळून धाव चतुर्थांशाहून अधिक लांबते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तिथे विरळ हवेचा प्रश्न बारमाही.

थंड, सखल प्रदेशासाठी केलेला आराखडा परवान्याने आणला, तर ही अडचण आपल्याला फक्त सोसता येते. आराखडा आपला असेल तर पंख वाढवावा, वजन घटवावे की प्रोपेलर बदलावा, हे आपण ठरवू शकतो.

५. पुढचा प्रवास आणि एक मर्यादा

एचटी-२ वर भारतीय वायुदलाच्या वैमानिकांच्या अनेक तुकड्या शिकल्या. घानाच्या वायुदलालाही ही विमाने दिली गेली. घाटगे यांच्याच काळात किरण हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये उडाले. त्याआधी १७ जून १९६१ रोजी कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली रचलेले मरुत आकाशात गेले होते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश होते. मरुतचा सांगाडा उत्तम होता, पण त्याला हवे तेवढे ताकदवान इंजिन कधीच मिळाले नाही, आणि ते अपेक्षित वेग गाठू शकले नाही. आराखडा अर्धा आपला असला की विमानही अर्धेच आपले असते.

हेलिकॉप्टरमध्येही हाच क्रम दिसतो. फ्रेंच परवान्याने चेतक १९६० च्या दशकात बांधले जाऊ लागले. परदेशी सल्ला घेऊन पण इथे रचलेले ध्रुव १९९२ मध्ये उडाले. बांधणी येणे आणि रचना येणे यांत सुमारे तीन दशके गेली.

सारांश

लहान विमानापासून सुरुवात करणे ही माघार नव्हती. ज्या विमानातला प्रत्येक आकडा आपल्याला समजतो, तिथून सुरुवात करणे हाच शहाणपणा होता. तुम्हीही प्रकल्पात एखादा आकडा तक्त्यातून उचलाल, तेव्हा तो तेवढाच का, हे स्वतःला विचारा.

स्वाध्याय

१. नाशिकजवळच्या ओझरला हवेची घनता १.१० धरून एचटी-२ चा स्टॉल वेग काढा.
२. ६० अंश कललेल्या सपाट वळणात उचल वजनाच्या दुप्पट लागते. स्टॉल वेग किती पट होईल?
३. पंखाचे क्षेत्रफळ तेच ठेवून लांबी १२ मीटर केली, तर गुणोत्तर किती येईल? त्याचा एक फायदा आणि एक तोटा लिहा.