मिश्र पक्षिगृह : फिंच जातींची निवड

गवत, बांबू व झुडपे लावलेल्या जाळीबंद जागेत निरनिराळ्या जातींचे फिंचसारखे लहान, दाणे टिपणारे पक्षी एकत्र ठेवले जातात, तेव्हा तिला मिश्र पक्षिगृह म्हणतात. धार व देवास या माळव्यातील जिल्ह्यांत फिंचच्या कुळातील ठिपकेदार मुनियेसारखे पक्षी रानात आढळतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार ते पकडणे, विकणे वा पाळणे गुन्हा असल्याने निवड पिंजऱ्यात पैदास झालेल्या विदेशी व पाळीव जातींपुरतीच उरते.

सहवास जुळण्यासाठी आकार, स्वभाव व नातेसंबंध हे तीन निकष पाहतात. बंगाली फिंच आणि ऑस्ट्रेलियातील गोल्डियन फिंच शांत असल्याने एकत्र राहतात. झेब्रा फिंच काटक असला, तरी विणीच्या काळात इतरांची घरटी बळकावतो, तर आकाराने मोठा व जाड चोचीचा जावा स्पॅरो दुबळ्या पक्ष्यांना दाणापात्रापासून हुसकावतो. निकटच्या जातींत संकर, म्हणजे मिश्र संतती, होऊ शकत असल्याने, उदाहरणार्थ बंगाली फिंच व इतर मुनिया, त्या वेगळ्या ठेवतात. नर-मादी समसंख्य, घरटी जोड्यांहून अधिक आणि दाणापात्रे विखुरलेली असल्यास भांडणे घटतात. माळव्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसवर जात असल्याने दाट सावली व ताजे पाणी, तर हिवाळ्यातील थंड रात्रींसाठी वाऱ्यापासून आडोसा आवश्यक असतो. नवे पक्षी काही आठवडे वेगळे ठेवून, निरोगी असल्याची खात्री पटल्यावरच पक्षिगृहात सोडावेत.