स्टेन्सिलची भोके आणि नकाशातली नदी

सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढलेल्या शिक्षकांना स्टेन्सिलचे तत्त्व वेगळे सांगायला नको. मेणकागदाला जिथे छिद्र, तिथेच शाई उतरते; बाकी कागद कोरा राहतो. संगणकीय छपाईतला ‘मास्क’ म्हणजे हेच स्टेन्सिल, फक्त आकड्यांत लिहिलेले.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबी कंपनी काढली. तिची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ मध्ये आली. पानावर काय कुठे उमटवायचे ते या भाषेत लिहितात. ते वाचून ठिपके मांडणारा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर. मास्कची सोय पहिल्यापासून होती. त्यात प्रत्येक बिंदूला एकच बिट: शाई लावा किंवा लावू नका. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत रंगीत चित्रालाही मास्क जोडून नको तो भाग झाकता येऊ लागला. २००१ मध्ये पीडीएफमध्ये अर्धपारदर्शक मास्क आला.

दरम्यान इंटरप्रिटर अ‍ॅडोबीपुरते राहिले नव्हते. पीटर डॉइच यांचा घोस्टस्क्रिप्ट १९८८ मध्ये आला. पुढे इतरांचेही आले. मग एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी दिसू लागली. असे का व्हावे?

समजा, किनवट तालुक्याचा नकाशा इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करून मास्क म्हणून साठवला आहे. त्यात पैनगंगेची उभी रेघ दोन बिंदू जाड आहे. पडद्यावर इंचाला १०० बिंदू. म्हणजे मास्कमधल्या ३ × ३ अशा नऊ बिंदूंच्या चौकटीऐवजी पडद्यावर एकच बिंदू. आता रेघ नेमकी दोन चौकटींच्या शिवेवर आली, तर काय होईल? चौकटीचा फक्त मधला बिंदू पाहणारा इंटरप्रिटर नदीच पुसून टाकेल. एकही काळा बिंदू दिसताच शाई लावणारा ती तिप्पट जाड करील. सरासरी काढणारा दोन्ही चौकटींत एकतृतीयांश करडा रंग भरील. आलेखाच्या कागदावर विद्यार्थ्यांना हे सहज करून पाहता येईल.

यात दरवेळी कोणाची चूक असतेच असे नाही. चित्र मोठे करताना मधल्या जागा कशा भराव्यात, हे प्रमाणग्रंथाने इंटरप्रिटरवरच सोपवले आहे. पडद्यासाठी लिहिणाऱ्यांनी लहान करतानाही आपापल्या रीती वापरल्या. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाले, तरी हा फरक मिटला नाही.

म्हणून स्कॅन केलेला नकाशा वा प्रश्नपत्रिका वाटण्यापूर्वी ती मोठी करून आणि छापून पाहावी. ‘रंग’वरचा अनुस्वार गेला तर ‘रग’ उरतो. विद्यार्थी मात्र समोर दिसते तेच वाचणार.