आलूचं बेणं

वऱ्हाडात तो आलू, पुण्याकडे बटाटा. अँडीजच्या डोंगरातलं हे पीक पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याला आणलं. आज बुलढाणा जिल्ह्यात आलूबोंड्यावाचून नाश्ता होत नाही आणि एकादशीला आलूचा कीस लागतोच. साबुदाणा, शेंगदाणा आणि आलू, उपवासाचे हे तिन्ही मानकरी मुळात दक्षिण अमेरिकेचे. इथलं शिवार मात्र कापूस, सोयाबीन आणि तुरीचं. बटाटा उत्पादनात चीनखालोखाल जगात भारताचा नंबर असला, तरी त्यातला मोठा वाटा उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालचा आहे.

आलू इथल्या शिवारात कमी असण्याचं एक कारण हवेत आहे. आलू पोसायला रात्र गार लागते, साधारण वीस अंशांच्या खाली. ती इथे हिवाळ्यापुरतीच मिळते. मला त्याहून मोठं कारण दिसतं ते बेण्याचं.

आलू लावतात तो आलूच कापून. हेक्टरी वीस-पंचवीस क्विंटल बेणं जातं, म्हणजे पेरणीलाच ट्रॅक्टरची ट्रॉली भरते. शिवाय घरचं बेणं टिकत नाही. मावा पानांतला रस शोषताना रोगाचे विषाणू पसरवतो, ते कंदात उतरतात आणि दरसाल उतारा घटतो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात थेट इटलीहून बेणं यायचं. १९०६च्या सुमारास त्याच बेण्यातून बटाट्यावरची पाकोळी देशात शिरली. तिची मादी कंदाच्या डोळ्याच्या खाचेत अंडी घालते. अळी आत बोगदा पाडते आणि डोळ्यापाशी काळी विष्ठा साचते. शेतकऱ्यानं झाडाच्या सावलीत पाल्याखाली अरण लावून जपलेला माल ती आतून पोखरते.

वाट काढली ती केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं. १९४९ साली पाटण्यात सुरू झालेली ही संस्था १९५६ मध्ये सिमल्याला गेली. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो. तेवढ्या काळात बेणं वाढवायचं आणि जानेवारीत मावा वाढण्याआधी पाला कापून टाकायचा, ही रीत तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली. १९६८ साली कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी हे वाण आले. परदेशी बेण्याची गरज सरली आणि पंजाब बेण्याचं कोठार झाला. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरिपाची लावणी आजही पंजाबच्या बेण्यावर होते. लागवडीच्या खर्चात सर्वांत जड आकडा त्याचाच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडचे शेतकरी शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकवतात. फुलाफुलाला हातानं परागीकरण करणारी माणसं तिथे आहेत, आणि आलू तर टोमॅटोच्याच कुळातला. मावा शिरणार नाही अशा बारीक जाळीत ऊतीसंवर्धित रोपं लावून छोटे निरोगी कंद काढायची पद्धत देशात रुळली आहे. थंडीच्या तीन महिन्यांत तिचा प्रयोग या भागात व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तो साधला, तर बेण्याचा पैसा जिल्ह्यातच फिरेल.