भुताचे घर आणि वारसाहक्क

झपाटलेल्या घरात सापडलेले प्रेमी युगुल हा हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांचा एक जुना विषय आहे. त्याचे मूळ मात्र गॉथिक कादंबरीत शोधावे लागते. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ (१७९४) या कादंबरीत वाड्यातील अद्भुताचा अखेरीस बुद्धिगम्य उलगडा होतो. पण त्याच वाड्यात नायिकेवर मालमत्ता सोडून देण्यासाठी आणला जाणारा दबाव खराच असतो. भय आणि मालमत्ता यांची ही सांगड पुढे चित्रपटांनीही कायम ठेवली.

जॉन विलर्डचे ‘द कॅट अँड द कॅनरी’ हे नाटक १९२२ साली रंगभूमीवर आले. १९२७ मध्ये पॉल लेनी याने त्यावर मूकपट केला, तर १९३९ मध्ये एलियट न्यूजंट याने बॉब होप आणि पॉलेट गॉडर्ड यांना घेऊन बोलपट काढला. या बोलपटात लुइझियानाच्या दलदलीतील एका वाड्यात धनिकाचे मृत्युपत्र वाचले जाते. वारस ठरलेल्या तरुणीला वेड लागले, तर संपत्ती दुसऱ्याकडे जाणार असते. म्हणजे तिला मारण्याचीही गरज नाही. तिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, एवढे पुरे. भुताच्या सोंगामागचा हा हेतू ध्यानात घेतला, की येथील प्रेमाचाही अर्थ बदलतो. होपचा नायक शूर नाही. तो व्यवसायाने नट आहे आणि जुन्या नाटकांच्या अनुभवावरून पुढे काय घडणार याचे अंदाज बांधतो. आपली भीती तो लपवीत नाही. म्हणूनच नायिकेची भीती त्याला वेडाचे लक्षण वाटत नाही. विश्वास ठेवणे हीच येथे प्रेमाची पहिली पायरी आहे.

पुढल्याच वर्षी याच जोडीचा ‘द घोस्ट ब्रेकर्स’ (१९४०) आला. दिग्दर्शक होता जॉर्ज मार्शल. वारसा येथेही स्त्रीकडेच येतो. वाडा मात्र क्यूबातील आहे. रॅडक्लिफची रीत येथे थोडी मोडते, कारण एक भूत खरेच प्रकट होते आणि त्याचा उलगडा कोणीही करीत नाही.

तथापि या चित्रपटाकडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. नायकाच्या कृष्णवर्णीय नोकराची भूमिका विली बेस्ट या नटाने केली आहे. नायक घाबरतो तेव्हा तो त्याच्या स्वभावाचा भाग ठरतो आणि त्यामुळे तो आपल्याला जवळचा वाटतो. नोकर घाबरतो तेव्हा ते त्याच्या वंशाचे लक्षण म्हणून हसण्यावारी नेले जाते. बेस्टची विनोदाची समज उत्तम होती. तिला मिळालेला साचा मात्र अपमानास्पद होता.

स्त्रीच्या भयावर विश्वास ठेवा, असे सुचविणारा हा चित्रप्रकार दुसऱ्या एका माणसाचे भय मात्र गंभीरपणे घेत नाही. या चित्रपटांचा इतिहास लिहिताना घर कोणी झपाटले होते, याबरोबरच त्या घरात कोणाची भीती माणसाची मानली गेली, हेही नोंदविले पाहिजे.