तारेत ओरडून चालत नाही

आमच्या घरी ‘तार आली’ असं कुणी म्हटलं की दादीजान आधी ‘या अल्लाह, खैर कर’ म्हणायच्या, मग ती कोण वाचणार हे ठरायचं. उर्दूतही तार, मराठीतही तारच. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. आता हा शब्द वर्गात समजावून सांगावा लागतो. एकदा सातवीतल्या मुलीने विचारलं, “सर, संदेश तारेतून लांब कसा जायचा? जास्त जोर लावला की जास्त लांब?” मी “हो, तसंच काहीसं” म्हणून मोकळा झालो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की नेमक्या याच समजुतीने एका ऐतिहासिक केबलचा घात झाला होता.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेली केबल जोडली गेली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश निघाला. तो पोहोचायला सुमारे सोळा तास लागले! वीज इतकी वेगवान, मग एवढा उशीर का?

विल्यम थॉमसन या ग्लासगोच्या प्राध्यापकांनी याचं उत्तर तीन-चार वर्षं आधीच मांडलं होतं. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं वेष्टण आणि बाहेर खारं पाणी. अशी केबल नुसती वाट नसते, ती वीज साठवूनही ठेवते. एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकाला झटका म्हणून पोहोचत नाही. तो हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. घाई केली तर पहिल्या खुणेची शेपटी दुसरीत मिसळते आणि काहीच वाचता येत नाही. थॉमसन यांच्या गणिताप्रमाणे केबलची लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो.

कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे पटलं नव्हतं. पेशाने ते शल्यचिकित्सक. संदेश नीट उमटेना तेव्हा त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब लावला. केबलमध्ये मुळातच दोष होते, या दाबाने ते वाढले. काही आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली. थॉमसन यांचा मार्ग उलटा होता : झटका हलकाच द्यायचा, ऐकणारं यंत्र मात्र नाजूक ठेवायचं. त्यांच्या यंत्रात इवल्याशा आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका हलायचा. त्या हालचालीवरून संदेश वाचता यायचा. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टाकलेली नवी, चांगली केबल टिकली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे केबल टाकली आणि आपली मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली.

पण टेलिफोन आला आणि जुनं दुखणं नव्या रूपात समोर आलं. बोलण्यात जाड-बारीक अनेक सूर असतात. लांबच्या तारेत प्रत्येक सुराचा वेग वेगळा आणि क्षीण होण्याचं प्रमाणही वेगळं. त्यामुळे शब्द विस्कटतो. हा गुंता सोडवला ऑलिव्हर हेविसाइड यांनी. लंडनच्या गरीब घरातला मुलगा. लहानपणी लाल ज्वराने कान अधू झालेले, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली. काही वर्षं तार कंपनीत नोकरी केली आणि १८७४ मध्ये तीही सोडली. पुढचं गणित स्वतःच शिकले.

थॉमसन यांनी तारेचे दोनच गुण धरले होते : विरोध आणि साठवण. हेविसाइड यांनी आणखी दोन धरले : वेष्टणातून होणारी गळती आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला तारेकडून होणारा अटकाव. या चारांचं प्रमाण जुळलं तर सगळे सूर एकाच वेगाने जातात आणि सारखेच क्षीण होतात. आवाज लहान होतो, पण बिघडत नाही. त्यासाठी इंडक्टन्स वाढवा, असं त्यांनी १८८७ मध्ये सांगितलं. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी विल्यम प्रीस मात्र इंडक्टन्सलाच शत्रू मानत. हेविसाइड यांचे भाऊ त्याच खात्यात होते. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध छापायला प्रीस यांनी परवानगी दिली नाही. अखेर ठराविक अंतरावर तारेत वेटोळी बसवण्याच्या युक्तीचं पेटंट १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्युपिन यांना मिळालं. पैसा त्यांना मिळाला, हेविसाइड यांची गरिबी संपली नाही.

मी बीएड केलं, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी कळलं नाही की तेच वाक्य मी मोठ्या आवाजात म्हणायचो. ती आणखी गप्प व्हायची. आता हळू बोलतो, दोन वाक्यांत जागा सोडतो आणि त्यांचं पुटपुटणंही कान देऊन ऐकतो.

त्या मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं, “बेटा, काल मी चुकीचं उत्तर दिलं होतं.”