उतरवलेली दोरी : धनुष्य जपण्याच्या रीतीची कुळकथा

शतपथ ब्राह्मणात विष्णूचं डोकं तुटल्याची एक गोष्ट आहे. देवांच्या यज्ञसत्रात विष्णू सर्वांच्या पुढे जातो, पण ते यश त्याला पेलवत नाही. धनुष्य आणि तीन बाण घेऊन तो बाजूला होतो आणि दोरी चढवलेल्या धनुष्याच्या टोकावर डोकं टेकून उभा राहतो. त्याच्यावर चालून जायची कुणाची हिंमत होत नाही. तेव्हा वाळवीसारखे किडे पुढे येतात आणि सौदा करतात: दोरी कुरतडली तर आम्हाला काय द्याल? अन्न देऊ, ओसाड रानातही पाणी सापडेल असं करू, असं देव कबूल करतात. किडे दोरी कुरतडतात, ती तुटते, धनुष्याची दोन्ही टोकं ताडकन सुटतात आणि विष्णूचं मस्तक उडतं. तेच पुढे सूर्य झालं, असं ब्राह्मण सांगतं.

ही कथा प्रवर्ग्य नावाच्या विधीचं मूळ सांगण्यासाठी आलेली आहे, तिचा धार्मिक अर्थ वेगळा. पण ज्यानं ती रचली त्याला धनुष्याची चांगली जाण असली पाहिजे. चढवलेल्या धनुष्यात ताण दबा धरून बसलेला असतो, दोरी हे किड्यांचं खाद्य असतं आणि वापर नसताना धनुष्य चढवलेलं ठेवणं धोक्याचं असतं, या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. धनुष्य जपायचं ते तीन शत्रूंपासून: ताण, ओल आणि कीड. जगात बहुतेक ठिकाणी या तिघांविरुद्धचा पहिला उपाय एकच होता. काम झालं की दोरी उतरवायची.

कारण लाकडात आहे. धनुष्य चढवलं की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. लाकूड ताण बऱ्यापैकी सोसतं, दाब तितका सोसत नाही. तासन्‌तास दाबात राहिलेले आतले तंतू हळूहळू चेपतात आणि दोरी काढल्यावरही धनुष्य पूर्ण सरळ होत नाही. लाकूड बाक धरतं. जितका बाक कायमचा, तितका जोर कमी, आणि जोर कमी म्हणजे बाण मंद. शिकाऱ्याच्या दृष्टीनं मंद बाण म्हणजे जखमी होऊन रानात पळालेलं जनावर. लाकडात ओल शिरली की हे सगळं आणखी लवकर घडतं. लाकूड फार वाळलं तर उलट ते ठिसूळ होतं आणि ओढता ओढता मोडतं.

ही रीत किती जुनी आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सापडलेली सुमारे ६४,००० वर्षांपूर्वीची दगडी टोकं बाणांची असावीत असं संशोधक मानतात. पण लाकूड आणि दोरी इतकी वर्षं टिकत नाहीत. टिकली ती बर्फात. १९ सप्टेंबर १९९१ रोजी इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्समध्ये एक माणूस सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी मेलेला, आता ओत्झी या नावानं ओळखला जाणारा. त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचं १.८२ मीटर लांबीचं, अजून तासून पूर्ण न झालेलं धनुष्य होतं. कातडी भात्यात १४ बाण होते, त्यांतले दोनच तयार. आणि त्याच भात्यात जनावराच्या कंडरांचे तंतू पिळून केलेली दोरी गुंडाळून ठेवलेली होती. धनुष्य तयार नव्हतं, म्हणून हा उतरवलेल्या दोरीचा पुरावा नव्हे. पण दोरी ही वेगळी वस्तू आहे, ती कोरडी, आडोशाला ठेवायची असते, हे त्याला माहीत होतं. पुढे २००३ च्या कडक उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या श्नीडेयोख खिंडीतला बर्फ वितळला, तेव्हा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची भूर्जाच्या सालीची धनुष्यपेटी मिळाली. भूर्जाची साल पाणी आत येऊ देत नाही. अख्खं धनुष्य तिच्यात मावायचं.

ही रीत शब्दांत पकडली ती ग्रीकांनी. हेरोडोटसनं इजिप्तचा राजा अमासिस याची गोष्ट सांगितली आहे. हा राजा सकाळी राज्यकारभार पाही आणि उरलेला दिवस मित्रांबरोबर मद्य घेत थट्टामस्करी करी. हे राजाला शोभत नाही, असं हितचिंतकांनी सुनावलं. त्यावर अमासिसनं धनुष्याचाच दाखला दिला: गरज असेल तेव्हा ते चढवतात, गरज सरली की उतरवतात, सदा चढवलेलं राहिलं तर मोडेल आणि ऐन वेळी कामाला येणार नाही. माणसाचंही तसंच. अमासिस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. राजानं सबब म्हणून वापरलेला हा दाखला ऐकणाऱ्यांना लगेच पटण्यासारखा होता, कारण ती रोजच्या सवयीची गोष्ट होती.

होमरनं त्याच्याही आधी धनुष्याच्या देखभालीचं जवळजवळ टिपणच करून ठेवलं आहे. ‘ओडिसी’च्या एकविसाव्या सर्गात ओडिसियसचं धनुष्य वीस वर्षं कोठारात खुंटीला टांगलेलं आहे, पिशवीत घालून, दोरी उतरवून. त्याची पत्नी पेनेलोपी ते बाहेर आणते. तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्यांना ते वाकवता येत नाही, तेव्हा ते चरबीचा गोळा मागवतात, धनुष्य आगीवर शेकतात, चरबी चोळतात. तरी जमत नाही. मग भिकाऱ्याच्या वेषातला मालक ते हातात घेतो आणि दोरी चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी फिरवून बघतो: आपण नसताना शिंगाच्या भागाला कीड तर लागली नाही? बघणारे त्याची टिंगल करतात. पण वीस वर्षं पडून राहिलेलं धनुष्य न तपासता चढवायचं नसतं, हे त्या सभेत एकट्यालाच माहीत आहे.

आपल्याकडे या रीतीच्या खुणा पूजापाठात मुरल्या आहेत. शंकराच्या देवळात आजही म्हटल्या जाणाऱ्या यजुर्वेदातल्या रुद्रात भक्त रुद्राला विनवतो की धनुष्याची दोरी उतरव, बाणांची टोकं बोथट कर आणि आमच्याशी प्रसन्न मनानं वाग. रागावलेल्या देवाचं शांत होणं म्हणजे दोरी उतरणं. महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेले पांडव शमीच्या झाडावर शस्त्रं लपवतात. त्याआधी एकेक भाऊ आपल्या धनुष्याची दोरी सोडतो. मग नकुल झाडावर चढतो, तिरपा पाऊसही लागणार नाही अशा जागा हेरतो आणि तिथे धनुष्यं घट्ट बांधतो. शत्रूच्या नजरेइतकीच काळजी पावसाची आहे. शमीचं दसऱ्याशी असलेलं नातं आपण याच कथेशी जोडतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून पूजेला मांडतो. चार महिन्यांच्या पावसानंतर हत्यारं बाहेर काढून पुसण्यासारखा याहून योग्य मुहूर्त दुसरा नाही.

कौटिल्यानं देवाधर्माचा आधार न घेता हेच काम सरकारी नियमात बसवलं. अर्थशास्त्रातल्या आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात हत्यारांच्या जागा वरचेवर बदलाव्यात, त्यांना ऊन आणि वारा दाखवावा, उष्णता, ओल आणि कीड यांनी बिघडणारी हत्यारं वेगळी ठेवावीत, असं सांगितलं आहे. धनुष्य कशाचं करावं याची यादीही तिथेच आहे: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि जनावराच्या कंडरा असे पर्याय आहेत. एवढी यादी लागते कारण प्रत्येक दोरीचं दुखणं वेगळं. कंडरांची दोरी जोरकस, पण भिजली की सैल पडते.

शिंगी धनुष्याची निगा तर सर्वांत कठीण. लाकडाच्या गाभ्यावर आतून शिंग, बाहेरून कंडरांचे तंतू, आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. आखूड असूनही ते लांब लाकडी धनुष्याला भारी पडे, म्हणून घोड्यावरून शिकार करणाऱ्या मध्य आशियातल्या लोकांचं ते आवडतं. पण सरस दमट हवेत मऊ होतो. कोरियात ही धनुष्यं ठेवायला खास उबदार कपाट वापरतात, आणि ती परंपरा अजून चालू आहे. दोरी उतरवली की असं धनुष्य नुसतं सरळ होत नाही, उलट्या बाजूला वळतं. ते पुन्हा चढवणं हे सरावाचं काम असतं. पुढे अशी धनुष्यं दख्खनच्या पावसापर्यंत आली. त्यानंतरच्या काळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं झाली, ती शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडली तरी सरस सुटण्याची भीती नव्हती. पण पोलाद जड, आणि त्याची उसळी शिंगाइतकी तेज नाही. निगा टाळण्यासाठी जोर गमवावा लागला.

इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम यानं १५४५ मध्ये ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं पुस्तक लिहून राजा आठव्या हेन्रीला अर्पण केलं. मेण लावलेल्या कापडानं धनुष्य रोज चकाकेपर्यंत घासावं, लोकरीच्या पिशवीत ठेवावं, दगडी भिंतीला टेकवू नये कारण ते ओल धरतं, आणि आगीजवळ ठेवू नये कारण ते ठिसूळ होतं, असा त्याचा सल्ला. त्याच वर्षी हेन्रीचं ‘मेरी रोज’ हे जहाज बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं तोवर त्यातून शंभरावर धनुष्यं मिळाली होती. त्यांतली बरीच पेट्यांमध्ये, दोरीविना रचलेली होती.

शिकारीच्या धनुष्याचं आजचं कुळ मात्र एका वेगळ्याच माणसापाशी पोचतं. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा उरलेला माणूस आला. इशी हे नाव त्याला मानववंशशास्त्रज्ञांनी दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना सॅक्स्टन पोप हे डॉक्टर त्याच्याकडे तिरंदाजी शिकले आणि त्याची पद्धत त्यांनी लिहून ठेवली. इशीच्या मते चढवून किंवा उभं ठेवलेलं धनुष्य थकतं, त्याला घाम फुटतो. काम नसताना त्याला आडवं निजवावं. कुणी ते ओलांडू नये, मुलांनी हाताळू नये, बाईनं शिवू नये, नाहीतर बाण वाकडा जातो; तसं झालंच तर ते वाळू आणि पाण्यानं धुवून घ्यावं. यातले विटाळाचे नियम त्याच्या समाजाचे. पण थकवा आणि घाम ही लाकडाची अचूक तपासणी आहे. ताणानं आणि ओलीनं जोर कमी होतो, हेच तो सांगत होता.

इशी १९१६ मध्ये क्षयानं गेला. पोप यांनी आर्थर यंग या जोडीदाराबरोबर धनुष्यानं मोठी शिकार करायला सुरुवात केली आणि १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. यंगच्या शिकारीचा चित्रपट पाहून डेट्रॉइटचा फ्रेड बेअर या नादाला लागला. त्यानंच पुढे धनुष्याला काचतंतूंचे थर चिकटवण्याची पद्धत घरोघर पोचवली. काचतंतू दाबात चेपत नाहीत, ओलीला दाद देत नाहीत. इशीच्या परंपरेतल्या शिकाऱ्यानंच दोरी उतरवण्याची गरज अर्धी संपवली. उरलेली अर्धी मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यानं संपवली. धनुष्याच्या टोकांना चाकं बसवलेल्या त्याच्या कंपाउंड धनुष्याला १९६९ मध्ये पेटंट मिळालं. पूर्ण ओढल्यावर त्याचा भार कमी होतो, म्हणून नेम धरून थांबता येतं. पण त्याची दोरी हातानं उतरवताच येत नाही, त्यासाठी दाबयंत्र लागतं.

महाराष्ट्रात शिकारीचं धनुष्य अजून आहे ते भिल्लांच्या घरात. बांबूचा कामठा आणि दोरीच्या जागी बांबूच्याच सालीची चिवट पट्टी. कौटिल्याच्या यादीतली बांबूची दोरी इथे अजून टिकली आहे. कंडरांची दोरी पावसात सैल पडते, ही तितकी पडत नाही. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं धनुष्यबाणालाही हत्यारांत मोजलं आणि शिकारीवर कडक बंधनं आणली. कंपाउंड धनुष्याचा वारसा दुसऱ्या वाटेनं आला. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदकं जिंकली, ती याच प्रकारच्या धनुष्यानं.

त्या धनुष्याची दोरी रोज उतरवत नाहीत, तरी निगा संपलेली नाही. कृत्रिम धाग्याच्या दोरीला मेण लागतंच, कारण तंतू एकमेकांवर घासून पिंजारतात. बंद गाडीत, उन्हात ठेवलं तर चिकटवलेले थर सुटू शकतात. बाण न लावता दोरी सोडली तर सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो आणि ते फुटू शकतं. वाळवीला तिथे खायला काही नाही, पण ताण तसाच आहे. पूर्वी तो रोज संध्याकाळी उतरवून ठेवत. आता तो सतत धनुष्यातच असतो, म्हणून तिरंदाजाला तो प्रत्येक वेळी हातात घेण्याआधी तपासावा लागतो. निगेचं काम कमी झालेलं नाही. संध्याकाळचं होतं, ते सकाळचं झालं.